माळ्यावरचा धोंडा

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस आमच्या घरी दरवर्षी एक खटला उभा राहतो. फिर्यादी आमची मंडळी, आरोपी मी, आणि मुद्देमाल म्हणजे माळ्यावरची पत्र्याची ट्रंक. त्या ट्रंकेत धोंडे आहेत. नोकरीतून निवृत्त होताना लोक घड्याळ आणतात, शाल-श्रीफळ आणतात. मी हे आणले.

"अहो, लोकांच्या माळ्यावर पितळेचे डबे असतात, तांब्याचे हंडे असतात. तुमच्या माळ्यावर काय, तर दगड! आणि त्यांत एकही सोन्याचा नाही!"

शेवटचे वाक्य शंभर टक्के खरे आहे. जन्मभर खनिजे शोधली. पण भूगर्भशास्त्रज्ञ म्हणजे हातोडी मारली की सोने निघते असा माणूस, ही जी समजूत आहे ती आमच्या सासुरवाडीपासून सगळीकडे सारखीच चुकीची आहे. धातुक बहुधा दिसतच नाही. दिसतो तो त्याच्या आजूबाजूचा बदललेला खडक. जुन्या वाड्यात चूल कधीच मोडून टाकलेली असते, पण भिंतीवरच्या काजळीवरून ती कुठे होती हे म्हातारी बाई बरोबर सांगते. आमचे काम त्या म्हातारीचे.

जमिनीच्या पोटातून कित्येक शे अंश तापलेले, क्षारांनी भरलेले पाणी फटींतून वर येते. तेच पाणी तांबे आणते आणि जाता जाता वाटेतल्या खडकालाही बदलून टाकते. ग्रॅनाइटमधला काळा अभ्रक हिरवट क्लोराइट होतो, फेल्स्पारचे रेशमासारखे बारीक पांढरे सेरिसाइट होते, कुठे पिस्त्याच्या रंगाचे एपिडोट येते, तर कुठे गुलाबी पोटॅश फेल्स्पार वाढतो. 1970 साली लॉवेल आणि गिल्बर्ट या दोन अमेरिकनांनी ॲरिझोनातल्या तांब्याच्या साठ्यांवरून हे बदल एकाभोवती एक अशा कड्यांनी कसे मांडलेले असतात ते दाखवून दिले. आत गुलाबी, मग सेरिसाइट, बाहेर हिरवे. आम्हां तरुणांना तर तो निबंध म्हणजे खजिन्याचा नकाशाच वाटला होता. पण निबंधातला खडक स्वच्छ असतो. रानातला चिखलाने, शेवाळाने आणि उन्हापावसाने माखलेला असतो. तिथे पांढरे ते सगळेच सेरिसाइट नव्हे आणि हिरवे ते सगळेच तांबे नव्हे.

हिरव्याने तर भल्याभल्यांना फसवले आहे. नवखा माणूस हिरवा डाग दिसला की "तांबे!" म्हणून ओरडतो. त्यावर पातळ ॲसिडचा थेंब टाकावा; फसफसले तर मॅलॅकाइट असेल, म्हणजे खरेच तांबे. काहीच झाले नाही तर चाकू काढावा. क्लोराइट मऊ, चाकूखाली त्याची हिरवट पूड पडते. एपिडोटवर चाकूचे काही चालत नाही, उलट चाकूच झिजतो. गुलाबी रंगही लबाड आहे. लोहाची बारीक धूळ आत बसली तरी साधा फेल्स्पार गुलाबी दिसतो. हे सगळे मला पाठ होते. चुकलो तो पांढऱ्यावर.

साल 1975. मी सव्वीस वर्षांचा होतो. बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडच्या बाजूला आमचा कॅम्प होता. पुढे 1982 साली मलाजखंडला हिंदुस्थान कॉपरची मोठी उघडी खाण सुरू झाली. आम्ही होतो तिथून बरेच लांब, त्याच जातीच्या ग्रॅनाइटमध्ये. गोंदियाहून नॅरोगेजच्या गाडीने बालाघाट, पुढे जीपने बैहर, आणि त्यापुढे साल वृक्षांचे रान. आमच्या कॅम्पात मजुराला 'खलासी' म्हणत. समुद्राशी त्या बिचाऱ्याचा काडीचा संबंध नसे. पण इंग्रजांनी दिलेले नाव, ते कोण बदलणार? माझा खलासी पन्नाशीचा गोंड गृहस्थ होता. त्याला सगळे दादा म्हणत, म्हणून मीही म्हणे.

एका टेकडीच्या उतारावर शे-दीडशे पावले रुंद असा पांढरा, ठिसूळ पट्टा होता. नखाने खरवडला तरी भुगा पडावा. मी नकाशात लिहिले, 'कुजलेला ग्रॅनाइट, चिकणमातीयुक्त', आणि पुढे गेलो. पाऊस-पाण्याने फेल्स्पारची माती होते, त्यात नवल काय? अहवालात टेकडीवर फुली मारली. तो टपालाने गेला. 20 मार्चला कॅम्प उठायचा होता. आमची मंडळी अमरावतीला माहेरी पहिल्या बाळंतपणाला गेली होती, दिवस एप्रिलच्या सुरुवातीचे. मी तारखा मोजत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पट्टा ओलांडताना माझे अर्धे लक्ष अमरावतीकडे होते.

सामान बांधायला घेतले त्याच्या आदल्या दिवशी दादाने दोन दिवसांची सुट्टी मागितली. घरी मुलीचे लग्न होते, भिंती पोतायला छुई आणायची होती. छुई म्हणजे तिकडची पांढरी माती. मी म्हटले, "त्यासाठी सहा मैल कशाला जाता? इथे टेकडीवर आहे की ढिगाने!"

तो हसला. म्हणाला, "साब, वो छुई नहीं है. मिट्टी जीभ पकडती है. ये नहीं पकडता." बायकांनी पूर्वी ती नेऊन पाहिली होती, भिंतीवर धरतच नाही, सुकली की गळून पडते आणि हाताला नुसती चमक राहते.

हाताला चमक! मी त्या संध्याकाळी एकटाच टेकडीवर गेलो. तुकडा उचलून जिभेला लावला. चिकटला नाही. उतरत्या उन्हात फिरवून लेन्सखाली धरला, तर सगळा भुगा रेशमासारखा लकाकत होता. माती कधी लकाकत नाही. मग दिसल्या त्या बारीक चौकोनी खळग्या, आत गंज. तिथे कधी काळी पायराइट होते आणि पाण्याने ते खाऊन टाकले होते. आणि पट्टा उताराबरोबर पसरलेला नव्हता. गारेच्या शिरांना दोन्ही बाजूंनी धरून धरून चालला होता. पाऊस शिरा बघून पडत नाही. हे सेरिसाइट होते. महिनाभर मी त्याच्यावरून बूट घालून चाललो होतो.

रात्री कंदिलापाशी दोन कागद घेऊन बसलो. एक अमरावतीचा, एक वरिष्ठांचा. गप्प बसलो असतो तर कुणालाही कळले नसते. फुली मारलेल्या टेकडीकडे पुन्हा कोण येतो? वरिष्ठांना लिहिले की माझी चूक झाली आहे. बैहरहून उत्तर आले ते एका ओळीचे : चूक तुमची, तर थांबून तुम्हीच दुरुस्त करा.

सात आठवडे थांबलो. पुन्हा नकाशा, चर खणणे, दर काही फुटांवर नमुने. मुलगी झाल्याची तार बैहरच्या पोस्टातून रानात यायला सहा दिवस लागले. ती दादानेच आणून दिली. तिचे बारसेही माझ्याशिवाय झाले. अमरावतीच्या पत्रात तेव्हा फक्त इतकेच होते, 'दोघी खुशाल.' त्या दोन शब्दांचे वजन विवाहित वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता तुम्ही विचाराल, खाण किती मोठी निघाली? पुढच्या हंगामात तिथे दोन बोअर घेतले. पायराइट भरपूर, तांब्याचे चार ठिपके. खोदून खर्चही निघाला नसता. पाणी आले होते, खडक बदलून गेले होते, पण येताना तांबे मात्र पुरेसे घेऊन आले नव्हते. टेकडीवर पुन्हा फुली बसली. मात्र ही फुली दोन बोअर घेऊन मारलेली होती, आणि तिच्याखाली मी सही केली तेव्हा हात अडखळला नाही.

हे सारे मंडळींना मी त्या वर्षीच सांगितले. ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "म्हणजे काहीच निघाले नाही?" मी म्हटले, "नाही." त्यावर त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. तो विषय आमच्यात पन्नास वर्षे दिवाळीच्या साफसफाईपुरताच निघतो.

यंदा मुलगी नातीला घेऊन दिवाळीला आली आहे. काल ट्रंक खाली आली, खटला सुरू झाला, आणि त्यात नातीने नेमका तोच पांढरा धोंडा उचलला. "आजी, हा खडूचा आहे का गं?" मी तोंड उघडणार इतक्यात आमच्या मंडळींनी तो तिच्या हातून घेतला, नळाखाली धुतला, पदराने पुसला आणि तिच्यापुढे धरला.

"जीभ लाव बघू. चिकटतो का?"

"नाही."

"मग माती नव्हे ती. आता खिडकीशी जाऊन उन्हात फिरव."

मी गुपचूप स्टूल आणायला गेलो. ट्रंक परत माळ्यावर चढवायची होती.