म्हातारपणाच्या हिशेबात माझं वय कुठे आहे?

मंडळी, आज जरा पैशांबद्दल लिहिते. आपल्याकडे हा विषय दिवाणखान्यात कमी आणि स्वयंपाकघरात जास्त निघतो, पण लिहायलाच हवं असं वाटलं.

आमच्या इंदूरच्या रामबागेत पूर्वी घरटी एक तरी माणूस सरकारी नोकरीत असायचा. निवृत्तीचं नियोजन वगैरे शब्द कोणी उच्चारत नसे, कारण पेन्शन होती. माझे सासरे राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले. त्यांना जाऊन १९ वर्षं झाली, सासूबाई आता ८३ च्या आहेत. फॅमिली पेन्शन दर महिन्याला खात्यात जमा होते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला की वर्षभराची काळजी मिटली. महागाई भत्ता वाढल्याची बातमी त्या पेपरात सगळ्यात आधी वाचतात!

आमचे हे पीथमपूरला खासगी कारखान्यात. पीएफबरोबरची पेन्शन आहे, पण पगार कितीही असो, बहुतेकांचा हिशेब १५,००० च्या मर्यादेवरच होतो. ३५ वर्षं नोकरी धरली तरी त्या सूत्राने महिना ७,५०० निघतात, आणि महागाईबरोबर ते वाढत नाहीत. म्हणजे बाकीचं आपलं आपणच जमवायचं. किती, हे काढायला आम्ही दोघं एका रविवारी ऑनलाइन कॅल्क्युलेटर घेऊन बसलो.

माहिती तिन्हींत तीच भरली. ह्यांचं वय ५०, निवृत्ती ६० ला, आजचा घरखर्च महिना ५०,०००. उत्तरं आली ती अशी: एकात १ कोटी ५२ लाख, दुसऱ्यात २ कोटी १७ लाख, तिसऱ्यात ३ कोटी ५४ लाख. हे म्हणाले, "पहिलं बरं आहे, तेच धरू." मी म्हटलं, थांबा, भाजीवाल्याशी पण आपण एवढ्यात सौदा करत नाही.

खालची बारीक अक्षरं वाचली तेव्हा उलगडा झाला. पहिल्याने महागाई ५ टक्के, निवृत्तीनंतर पैशांवर व्याज ८ टक्के आणि आयुष्य ८० वर्षं धरलं होतं. दुसऱ्याने महागाई ६, व्याज ८, आयुष्य ८५. तिसऱ्याने महागाई आणि व्याज दोन्ही ७ टक्के, म्हणजे पैसा वाढतो तेवढाच भाव वाढतो, आणि आयुष्य ९०. तिन्हींचं गणित बरोबरच होतं, फक्त गृहीत धरलेलं निराळं. हे आकडे बदलता येतात, पण त्यासाठी ते कुठे लपलेत ते शोधावं लागतं.

मग माझं लक्ष गेलं ते वयाच्या रकान्यावर. वय विचारलं होतं एकाचंच. मी ह्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. आमच्या माहेरी बायका नव्वदीपर्यंत सहज जातात, आजी तर ९३ ची होऊन गेली. महागाई ६, व्याज ८ कायम ठेवून ह्यांच्या ८० पर्यंत हिशेब केला तर १ कोटी ८१ लाख लागतात. माझ्या ९० पर्यंत, म्हणजे ह्यांच्या ९४ पर्यंत नेला, तर २ कोटी ७३ लाख. मधले ९२ लाख म्हणजे माझी १४ वर्षं.

हे म्हणाले, "अगं, मी गेल्यावर खर्च निम्मा होईल की." मी सासूबाईंच्या खोलीकडे बोट दाखवलं. घरपट्टी निम्मी होते का? लाइटबिल, कामवाली? औषधं तर वाढतातच, आणि रात्रीच्या सोबतीला बाई ठेवली की तिचा पगार वेगळा. आमचा मुलगा पुण्यात, पुढे कुठे जाईल कोणास ठाऊक. शेवटी ती १४ वर्षं सत्तर टक्के खर्चावर धरली आणि आकडा निघाला २ कोटी ४५ लाख. हे थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुझ्या वयाने धरू."

त्यानंतर दोन कामं केली. एसआयपी वाढवली, त्यासाठी स्वयंपाकघराचं नूतनीकरण दोन वर्षं पुढे ढकललं. आणि पीएफ, बँक, म्युच्युअल फंड, सगळीकडे नॉमिनी कोण आहे ते तपासलं. एका जुन्या खात्यावर अजून सासऱ्यांचं नाव होतं!

सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी हे सगळं सरकार करायचं गं." खरं आहे. त्यांच्या पेन्शनीत बायकोचा विचार आधीच केलेला होता. आपल्याला तो रकाना स्वतः भरावा लागतो.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात असा हिशेब होईल तेव्हा चहा देऊन आत जाऊ नका, शेजारी खुर्ची घेऊन बसा. आणि तुमच्याकडे आयुष्य किती वर्षं धरलंय, कोणाचं धरलंय, ते मला नक्की कळवा.