माडीची फळी : जुनी की नवी?

हुपरी म्हटलं की बायकांच्या डोळ्यांपुढे पैंजण येतात. हातकणंगले तालुक्यातल्या या गावाला चांदीनगरी म्हणतात ते उगाच नाही. कड्या जोडणं, घुंगरं लावणं ही कामं इथे घराघरांतून चालतात आणि त्यांत बायकांचा हात मोठा.

माझ्या नणंदेचं सासर इथलंच. त्यांची माडी मोडकळीला आली, तेव्हा धाकटे दीर म्हणाले, "सगळ्या फळ्या नव्या घालू." सासूबाईंचं म्हणणं, "सागवान आहे, टाकायचं नाही." माडीवरच चांदीचं काम. फळ्यांत फट राहिली की घुंगरू खाली गेलंच! ज्या घरात केरसुद्धा झारेकऱ्यासाठी जपून ठेवतात, तिथे फटीचा प्रश्न साधा कसा असेल?

सुतारानं निवाडा केला. "वहिनी, ओलं लाकूड बसवलं की वाळताना आकसतं आणि फटी पडतात. जुनं आकसून बसलंय." शिवाय जुन्या सागात काळसर गाभा जास्त असतो. त्याला वाळवी सहसा लागत नाही. कमी वयात तोडलेल्या झाडाला पांढरा भाग अधिक, आणि कीड त्यालाच आधी धरते.

मात्र जुनं म्हणून डोळे मिटून घेऊ नये. फळी ठोकून पाहावी, पोकळ आवाज आला तर बाजूला काढावी. खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर किडा आत आहे असं समजावं. भिंतीत मुरलेली टोकं कुजलेली असतात, तेवढी कापून टाकावीत. जुना तैलरंग कोरडा घासू नये, त्यात शिसं असू शकतं. लेकरांना तर त्या धुळीपासून लांबच ठेवावं. खिळे काढणं आणि रंधा मारणं यांची मजुरी आधीच ठरवावी, नाहीतर स्वस्तातली फळी महाग पडते.

नवी घ्यायचीच तर नीट वाळलेली घ्यावी. पावसाळ्यात लाकूड थोडं फुगतंच, म्हणून भिंतीलगत जागा सोडून वर पट्टी मारावी.

अखेर कामाच्या जागेवर निवडक जुन्या फळ्या बसल्या आणि पावसाचं पाणी येणाऱ्या खिडकीकडे नव्या. जिथे डाग देण्यासाठी ज्योत पेटते, तिथे मात्र लाकूड नकोच म्हणून शहाबादी फरशी घातली. दीरही खूश, सासूबाईही खूश. खर्चाचा हिशेब मांडताना फळीच्या भावाबरोबर तिच्यावर कोण बसणार आणि काय काम करणार, हेही मांडावं.