लग्न पाहावं करून

पुरावा मागण्यात गैर काही नाही. तरीही माझं मन तिथेच अडतं. दोन पुरुषांनी किंवा दोन बायकांनी संसार मांडला, तर त्या घरातल्या मुलाचं नीट होईल का? हे विचारणारा माणूस दुष्टच असतो असं नाही, मुलाची काळजी खरीही असू शकते. पण त्याचं उत्तर कोणी टक्केवारीत मागू लागलं की मला एकच म्हण आठवत राहते: घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून.

कर्जत-खालापूरकडे ही म्हण रोज खरी होते. रेतीचा भाव, मिस्त्रीच्या दांड्या, पावसाच्या आत स्लॅब टाकायची घाई, हे घर बांधायला काढल्याशिवाय कळत नाही. लग्नाचंही तसंच. हळद, मांडव, मानपान आणि नंतर वर्षभर फिटणारं कर्ज. म्हण मुळात खर्चाची आहे, हे मला मान्य आहे. पण तिच्या पोटात दुसरंही काही आहे असं वाटत राहतं. संसार बाहेरून कळत नाही, करणाऱ्याला कळतो, आणि त्यालाही उशिराच. आजी याला आपलं एक शेपूट जोडायची: बघायला गेलं की सगळीच घरं सारवलेली असतात.

समाजशास्त्राच्या अडचणी मला आजीच्या या शेपटाशिवाय समजल्या नसत्या. अमेरिकेत नॅनेट गार्ट्रेल यांनी 1986 मध्ये समलिंगी स्त्रियांच्या कुटुंबांचा अभ्यास सुरू केला आणि मुलं मोठी होईपर्यंत नेटाने चालवला. मुलं छान वाढली, असं त्यात दिसलं. विरोधकांनी लगेच विचारलं, ही कुटुंबं तर आपणहून पुढे आलेली, त्यांची घरं सारवलेलीच असणार ना? प्रश्न रास्त होता. मग 2012 मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या मार्क रेग्नेरस यांनी 18 ते 39 वयाच्या सुमारे 3,000 जणांची पाहणी छापली आणि अशा आईबापांची मुलं मागे पडतात असं म्हटलं. पण आईचा किंवा बापाचा कधीकाळी एखादा समलिंगी संबंध आला असला तरी ते मूल त्यांनी या गटात धरलं होतं. त्यातली बरीच घरं आधी मोडलेली होती, आणि तुलना केली ती न मोडलेल्या घरांशी. जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत दोन आयांच्याच घरात वाढलेली मुलं त्या साऱ्या पाहणीत दोन सापडली. 2014 मध्ये मिशिगनमधल्या समलिंगी विवाहाच्या खटल्यात न्यायाधीशांनी रेग्नेरस यांची साक्ष विश्वासार्ह मानली नाही.

दोनच का सापडली, यावर मी जास्त वेळ थांबतो. ज्या संसाराला कायदा नाही, ज्याचं नाव शेजारी घेत नाहीत, तो मोजायला कुठून मिळणार? आधी पुरावा, मग परवानगी, असं म्हटलं तर पुरावा कधी तयारच होत नाही. म्हणीचा क्रम बरोबर उलटा आहे. आधी करून, मग पाहावं.

आपल्याकडे सुप्रीम कोर्टात 2023 च्या एप्रिल-मेमध्ये समलिंगी विवाहाच्या मान्यतेवरून हाच वाद चालला. राष्ट्रीय बालहक्क आयोग विरोधात उभा राहिला, दिल्लीचा बालहक्क आयोग बाजूने. मनोविकारतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेने बाजूने निवेदन काढलं. हे शहरी उच्चभ्रूंचं खूळ आहे असं केंद्र सरकारने म्हटलं, तेव्हा सरन्यायाधीशांनी त्याला आकडेवारीचा आधार नसल्याचं दाखवून दिलं. महाराष्ट्र सरकारने वेळ मागून घेतला. 11 मे रोजी निकाल राखून ठेवला गेला.

त्या निकालाची वाट पाहत असताना 19 जुलैची रात्र आली. आमच्या खालापूरकडची, इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं सापडलीच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. आश्रमशाळेत राहणारी पोरं वाचली, कारण ती घरी नव्हती. अनाथ मुलांचं पालकत्व घेत असल्याचं मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं. मला तेव्हापासून सुटलेलं नाही ते हे: त्या दिवसांत कोणीही विचारलं नाही की मुलाला एक आई आणि एक बाप असलेलंच घर हवं का. आजी असो, आत्या असो, थोरली बहीण असो, जो जवळ घेईल तो हवा होता. आमच्या भागात विधवा आजी आणि बिनलग्नाची आत्या यांनी मिळून वाढवलेली मुलं मी पाहिली आहेत. दोन बायकांचं घर. त्यावर पाहणी करा, असं कोणी म्हटलं नाही.

इथे माझं म्हणणं सिद्ध झालं असं वाटायला हवं होतं. तसं होत नाही. आजी आणि आत्या या जोडपं नसतात. शाळेत 'घरी कोण असतं?' असं विचारल्यावर त्या मुलाकडे गावाला ठाऊक असलेलं उत्तर असतं. दोन आयांच्या मुलाला ते उत्तर स्वतः घडवावं लागेल, आणि त्या वयात ते ओझंच आहे. मग ते मूल गप्प, एकलकोंडं झालं तर दोष घराचा की आळीचा? कोणती प्रश्नावली हे वेगळं काढून देईल? आणि समजा उद्या निर्दोष अभ्यास झाला, आणि मुलं खरंच थोडी मागे पडतात असं निघालं, तर? दारुड्याच्या मुलांचे आकडेही चांगले निघणार नाहीत, पण म्हणून दारुड्याचं लग्न आपण कधी अडवलं नाही. मग मी गार्ट्रेल यांचे आकडे इतक्या आनंदाने का वाचतो? जो पुरावा उलटा निघाला तर मी मानणार नाही, तो सुलटा निघाल्यावर हातात धरायचा हक्क मला आहे का? काही वर्षांपूर्वी मी याचं उत्तर पटकन दिलं असतं.

17 ऑक्टोबर 2023 ला निकाल लागला. लग्नाचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्ती सहमत होते. दत्तकाच्या प्रश्नावर ते तीन विरुद्ध दोन असे विभागले. केवळ स्त्री-पुरुष जोडपंच मुलाला स्थैर्य देऊ शकतं असं दाखवणारं काही समोर नाही, असं सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी लिहिलं, पण ते अल्पमतात गेलं. जानेवारी 2025 मध्ये पुनर्विचाराचे अर्जही फेटाळले गेले. जोडप्याला मूल दत्तक हवं असेल तर किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक आयुष्य लागतं, हा नियम तसाच राहिला. एकट्या बाईला मात्र दत्तक घेता येतं. म्हणजे दोघींपैकी एक आई होऊ शकते. दुसरी त्याच घरात राहील, मुलाला ताप आला तर रात्रभर जागेल, आणि दत्तकाच्या कागदावर तिचं नाव कुठेही नसेल.