सातबारा नसलेला वाटेकरी

"मिस्त्री, गाडी राहू द्या इथंच. सोयाबीन इकलं का नेतो."

गाडी तयार होती. हाफ इंजिनचं काम, नवा पिस्टन, नव्या रिंगा; पहिल्या किकला चालू होत होती. मी म्हणालो, "काका, घेऊन जा, पैसे मागाहून द्या." त्यांनी नुसती मान हलवली, टोपी सारखी केली आणि पायीच बसस्टँडकडे निघाले. वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्यात गॅरेज चालवणाऱ्याला उधारी मागणारे रोज भेटतात. चालून आलेली उधारी नाकारणारा विरळा. त्यांचं ते पायी जाणं काही केल्या मनातून जाईना. त्या रात्री मी उधारीची वही काढली आणि पहिल्या पानापासून वाचत बसलो.

वहीत तारखा फार थोड्या आहेत. नावापुढे लिहिलेलं असतं : पोळ्याला. सोयाबीनवर. कापसाचा पहिला वेचा. तुरीवर. एकाच्या पुढे नुसतं 'संत्रा'. जूनमध्ये बी-खतात घर रिकामं होतं आणि नेमकी तेव्हाच शेतात जायला गाडी लागते. श्रावणात काळी माती चाकात अशी गच्च बसते की चाक फिरत नाही; कित्येकांनी पुढचं मडगार्डच काढून घरी ठेवलेलं असतं. चिखलानं चेन स्प्रॉकेट खाल्लेलं, ब्रेक शू झिजलेले. काम भरपूर, पैसा कुणाजवळच नाही. तो दसरा-दिवाळीत येतो, आला तर. सोयाबीनला २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. बाजार समितीत बोली त्याच्या खाली लागली की माझ्या वहीतली नावं पुढच्या पानावर जातात.

म्हणजे मीही पेरतोच. दुकानातून रोखीनं आणलेले पार्ट हे माझं बियाणं, आणि ते लोकांच्या गाड्यांत पडलेलं असतं. शेंगांना शेतातच कोंब फुटले की माझंही पीक गेलं. पण पंचनामा करायला माझ्या गॅरेजपर्यंत तलाठी येत नाही, विमा कंपनी येत नाही. माझ्या नावावर सातबारा नाही. मला शेतकऱ्याच्या भरपाईचा हेवा नाही, त्याला मिळते तीही तोकडीच असते. एवढंच म्हणायचं आहे की गावच्या पिकावर जगणारी माणसं बांधाच्या अलीकडेही असतात.

कामाचं म्हणाल तर माझा भरवसा हातापेक्षा कानावर जास्त. "हा आवाज कायचा येते?" असं विचारत गिऱ्हाईक येतं आणि मी त्याला गाडी रेस करू देत नाही. आधी आयडलवर ऐकतो. वरून बारीक किटकिट आली तर टॅपेट. डाव्या बाजूला खरखर असेल तर टायमिंग चेन. खालून खोल ठोका आला की माझाच चेहरा उतरतो, कारण तो कनेक्टिंग रॉडचा असतो आणि त्याचा खर्च मला त्या माणसाला सांगायचा असतो.

टॅपेट बसवताना कुणी बोललेलं मला आवडत नाही. इंजिन थंड हवं. मॅग्नेटवरची 'टी'ची खूण खाचेसमोर आणायची, मग फीलर गेजची पातळ पत्ती फटीत सरकवायची. ती सरकताना जरा अडखळली पाहिजे, अडकता कामा नये. खरी मेख पुढे आहे. लॉकनट आवळताना आतला स्क्रू केसभर फिरतो आणि बसवलेली फट बिघडते. म्हणून आवळल्यावर पत्ती पुन्हा घालून बघायची. हे दुसऱ्यांदा बघणं पोरांना कंटाळवाणं वाटतं. माझ्या मते मिस्त्री ओळखावा तो इथंच.

माझ्याकडे अजून एमएच ३०च्या जुन्या स्प्लेंडर येतात, वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा होण्याआधीच्या. मग एमएच ३७ आलं. मग १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांतला कार्बोरेटर हळूहळू गेला. धूर कमी झाला हे चांगलंच झालं; बंद शटरमध्ये जुन्या गाड्यांनी माझे डोळे पुष्कळ जाळलेत. तरी जीव कार्बोरेटरवरच. तो खोलता येतो. पावसाळ्यात उभी राहिलेली गाडी आली की मी त्याच्या तळाची वाटी काढून उजेडात धरतो. वर पिवळसर पेट्रोल आणि तळाशी पाण्यासारखा वेगळा थर, त्यात गंजाचे कण. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. ते हवेतला ओलावा ओढतं आणि पाणी फार झालं की त्याला घेऊन खाली बसतं. जेट बुजतो, जुने रबर फुगतात. इथेनॉल शेतातून येतं, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण जुनी गाडी महिनामहिना टाकी भरून उभी ठेवू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो.

यंत्राशी कसं वागावं हे मी लहानपणीच पाहिलं. बाप जिनिंगवर हमाल. सुटीच्या दिवशी तो मला स्टेशनवर न्यायचा, शकुंतला बघायला. मूर्तिजापूर ते यवतमाळ जाणारी नॅरोगेज, मधे आमचं कारंजा, पुढे दारव्हा. ब्रिटिश कंपनीनं वऱ्हाडचा कापूस ओढायला टाकलेली लाइन. गाठी मूर्तिजापूरला जायच्या, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला, मुंबईहून जहाजानं मँचेस्टरला. आणि ही गाडी ओढणारं झेडडी इंजिन १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेलं. कापूस गेला त्या वाटेनं इंजिन आलं, हे मला पुढे मोठेपणी कळलं. तेव्हा मला दिसायचा तो ड्रायव्हर.

गाडी थांबली की तो खाली उतरायचा. हातात लांब चोचीची तेलाची डबी. घाई नाही. एकेका सांध्यापाशी वाकायचा, चोच आत घालायचा, तेल पाजायचा, आणि मग त्याच सांध्यावर उलटा हात ठेवायचा. तापलाय का ते बघायला. असं एका बाजूनं पुढे जायचा, दुसऱ्या बाजूनं मागे यायचा. लोक खिडकीतून ओरडायचे, चला म्हणायचे. त्याच्या चालीत फरक पडायचा नाही. मी एकदा अगदी जवळ गेलो तर म्हणाला, "लाव हात." मी लावला. लोखंड कोमट होतं आणि आतून हलत होतं. बाप मागून घाबरून ओरडला. मी हात काढला नाही.

ते इंजिन सत्तर वर्षांच्या वर चाललं. १५ एप्रिल १९९४ ला ते काढलं आणि डिझेल आलं. सत्तर वर्षं चाललं म्हणजे तितकी वर्षं कुणीतरी ते खोलून पुन्हा बांधत होतं, झिजलेलं घडवत होतं. त्यांच्यातलं एकही नाव मला ठाऊक नाही. पुढे डिझेलही थांबलं. रुळाला बाभळी भिडल्या आहेत. लाइन ब्रॉडगेज होणार हे ऐकत आम्ही म्हातारे होतोय. व्हावी असं मला फार वाटतं.

समृद्धी महामार्ग मात्र झाला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा उघडला, आणि कारंज्याहून नागपूर जवळ आलं. पण त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. तिथून जाणाऱ्यातलं कुणी माझं गिऱ्हाईक नाही.

संध्याकाळी पाच-साडेपाचला मी आकाशवाणी अकोला लावतो. गाण्यांपेक्षा बाजारभाव ऐकायला. आल्याचा चहा, रॉकेलनं धुतलेले हात आणि तुरीचा भाव. माझ्याकडे काम शिकलेली पोरं चाकणच्या कारखान्यांत गेली. तिथं पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात येतो, सोयाबीनवर अवलंबून नसतो. जाऊ नका असं मी कुठल्या तोंडानं सांगू? जो पोरगा सध्या आहे त्याचा कान चांगला आहे. त्याला मी टॅपेट दुसऱ्यांदा बघायला लावतो आणि आठवड्याची मजुरी शनिवारी हातात देतो, माझ्याकडे आलेली असो वा नसो.

१७ सप्टेंबर २०२३ ला केंद्रानं पीएम विश्वकर्मा योजना आणली. अवजारांसाठी १५ हजार रुपये, आधी १ लाख आणि मग २ लाखांचं कर्ज, व्याज ५ टक्के, शिकताना दिवसाला ५०० रुपये. यादीत १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, शिंपी, कुलूप बनवणारा, मासेमारीचं जाळं विणणारा. सगळे हक्काचे आहेत, एकही कमी करू नये. पण गावोगावच्या शेतकऱ्याची गाडी चालती ठेवणारा मिस्त्री त्यात नाही. एकोणिसावं नाव मोटार मेकॅनिकचं घाला. आणि वाचणाऱ्यांना एवढंच, की तुमच्या मिस्त्रीचं जुनं काही देणं राहिलं असेल तर या दिवाळीआधी देऊन टाका.