एकशे वीस पानं आणि शनिवारची सुट्टी

धाकटीच्या लग्नासाठी हॉल बघायला गेलो तेव्हा तिथल्या मॅनेजरनं दोन आकडे सांगितले. एक लग्नाच्या दिवसाचा. दुसरा, आदल्या संध्याकाळपासून हॉल हवा असेल तर त्याचा. दुसरा ऐकून मी पाणी मागितलं.

लग्नाच्या दिवसाचा खर्च दोन्हीकडून निम्मा निम्मा ठरला होता. व्याही सज्जन माणूस, त्यांनीच तो विषय काढला. पण सीमांतपूजन आणि त्या रात्रीचं जेवण मुलीकडचं, हे कुणी ठरवावं लागत नाही. ते ठरलेलंच असतं. माझ्याकडे त्या जेवणासाठी बाजूला काढलेले ३०,००० रुपये होते आणि पानं होती एकशे वीस. केटररनं ताटामागे ३०० सांगितले, वर वाढप्यांचे वेगळे. हॉलचं भाडं त्यात नाहीच. घरी येऊन मी हिला म्हटलं, जेवण आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये होईल आणि सामान मी भरीन. ती म्हणाली, ‘‘सामान भराल हो, तुमचा जन्मच त्यात गेला. शिजवणार कोण?’’

जन्म गेला हे खरं. पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार विभागात एका गाळ्यावर मी दिवाणजी आहे. आधी वह्या लिहिल्या, आता तेच संगणकात भरतो. तांदूळ, डाळी, गूळ, रवा यांचे भाव मला झोपेतही सांगता येतील. पण भाजीपाल्याची बाजू म्हणजे माझ्यासाठी दुसरं गाव. गुलटेकडीच्या एकाच आवारात आम्ही सगळे असलो, तरी भुसारवाला पहाटेच्या भाजीबाजारात सहसा जात नाही.

दुपारचं जेवण मी बऱ्याचदा ‘कष्टाची भाकर’मध्ये घेतो. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं १९७४ साली हे काम सुरू केलं, हमालाला दिवसभराच्या ओझ्यानंतर स्वस्तात पोटभर मिळावं म्हणून. तिथे जेवता जेवताच डोक्यात आलं, आपणही झुणका-भाकर का ठेवू नये? स्वस्त, चवीचं, आणि हल्ली तर मोठमोठ्या लग्नांत चुलीवरच्या भाकरीचा वेगळा काउंटर असतो, तिथे लोक रांग लावतात. हिनं ऐकलं आणि हातातलं काम थांबवलं. ‘‘जावई पहिल्यांदा मांडवात येणार आणि तुम्ही त्याच्या पानात झुणका वाढणार?’’

तिच्यापुढे मी वाद घातला असता. पण स्वयंपाकासाठी बोलावलेल्या आचाऱ्यांनी तो विचार दोन वाक्यांत निकालात काढला. ‘‘दिवाणजी, पीठ स्वस्त आहे, हात महाग आहेत. एकशे वीस माणसांना गरम भाकरी द्यायची तर थापणाऱ्या बायका किती लागतील, ते मोजा.’’ मी मोजलं. तो काउंटर श्रीमंतांच्याच लग्नांत का दिसतो ते कळलं.

या आचाऱ्यांकडून जे शिकलो ते गाळ्यावर इतकी वर्षं बसून कळलं नव्हतं. मी त्यांच्यापुढे भावांची यादी ठेवली होती, कुठे किलोमागे पाच रुपये वाचतील याची. त्यांनी ती बाजूला सारली आणि विचारलं, ‘‘पदार्थ किती?’’ मी दहा-अकरा सांगितले. दोन भाज्या, एक उसळ, भजी, पापड, दोन गोडं, असं. ते म्हणाले, प्रत्येक पदार्थाला एक पातेलं, एक शेगडी, एक माणूस आणि तासभर जास्त. भजी ठेवली तर एक जण संध्याकाळभर कढईपाशी अडकला, तेलाचा डबा संपला तो वेगळाच. पैसा वांग्यात जात नाही, यादीच्या लांबीत जातो.

त्यांनी यादी छाटली. मटार घातलेला मसालेभात, वांगं-बटाट्याची रस्साभाजी, पोळी, साधं वरण-भात, गाजराची कोशिंबीर, गुळाची लापशी, मठ्ठा. लोणचं घरचं. संपलं. हिला गोडात जिलबी हवी होती. आचारी म्हणाले, ‘‘वहिनी, जिलबी उद्या हॉलमध्ये आहेच की. आज लापशी खाऊन बघू द्या पाहुण्यांना. वर तूप मात्र सढळ हातानं सोडायचं, तिथे हात आखडू नका.’’ तुपाच्या बाबतीत त्यांनी मला एक पैसाही वाचवू दिला नाही, आणि ते बरोबर होतं. लापशीत तूप कमी पडलं की ती गरिबाची लापशी होते, पुरेसं पडलं की लग्नाची.

भुसाराचं काम माझ्या हातचं होतं. मसालेभाताला कोलम, कारण दाणा मोकळा राहतो. वरण-भाताला आंबेमोहोराचा तुकडा घेतला. अख्ख्या आंबेमोहोराचा भाव परवडणारा नव्हता, पण तुकडा त्याच तांदळाचा, वास तोच, आणि दर निम्म्याच्या आसपास. पानात गरम भात पडला की दाणा तुटका आहे की अख्खा, हे कुणी बघत नाही, वास आधी येतो. तूरडाळ, लापशीरवा, शेंगदाणे, सुकं खोबरं शेठनी खरेदीच्या भावानं लावलं. गुळाची ढेप मात्र त्यांनी बिलात धरू दिली नाही. ‘‘हा माझा आहेर,’’ म्हणाले.

अडचण आली ती वाराची. लग्न रविवारी, म्हणजे जेवण शनिवारी रात्री. आणि यार्डात फळं-भाजीपाल्याचा विभाग शनिवारी बंद. सगळ्यात मोठी आवक रविवारी होते, सोमवारच्या पेपरात ट्रकांचे आणि भावांचे आकडे छापून येतात. पण रविवारची स्वस्ताई आमच्या काय कामाची? भाजी शुक्रवारीच घेणं भाग होतं आणि ती शनिवार संध्याकाळपर्यंत टिकणं भाग होतं. आचाऱ्यांनी यादीत पालेभाजी का घेतली नाही हे तेव्हा लक्षात आलं. वांगी, बटाटा, गाजर, शेंगेतला मटार, हे सगळं एक रात्र निमूट पडून राहतं. मेथी राहत नाही.

शुक्रवारी पहाटे भाच्याला स्कूटरवर मागे बसवून मी भाजीबाजारात गेलो. थंडी होती, पण गाळ्यांच्या मधल्या वाटेत उकडत होतं, इतकी माणसं. पायाखाली कोबीचा पाला आणि ओल. पाठीवर पोतं घेतलेला हमाल ‘‘पाय, पाय!’’ ओरडत आला की आडते, शेतकरी, गिऱ्हाईक सगळे एकदम भिंतीला लागतात. तिथे ओझ्याला पहिला मान. एके काळी शंभर किलोचं पोतं एका पाठीवर यायचं. आता पन्नासाच्या वर नाही, तेही हमालांनी भांडून मिळवलेलं.

भाव दहा किलोला बोलतात, कोथिंबीर-मेथीचा शेकड्याला. वांग्याचा भाव ऐकून भाचा खूश झाला, पण आडत्याला दहा-पंधरा किलोंत रस नव्हता, त्याला अख्खी क्रेट्स उचलणारा हवा. शिवाय बोललेल्या भावावर आडत वेगळी. २०१६ पासून ती शेतकऱ्याऐवजी खरेदी करणाऱ्याच्या माथी आहे, आणि ते योग्यच झालं असं मी भुसारात बसून नेहमी म्हणत आलोय. त्या दिवशी खरेदी करणारा मी होतो, तरी मत बदललं नाही. फक्त थोडं हळू म्हटलं.

बटाट्याचं पन्नास किलोचं पोतं घेतलं, आपल्याला लागतील ते सोडून बाकीचे सोसायटीतल्या चार घरांत वाटून टाकायचं आधीच ठरवलं होतं. मटार त्या दिवसांत परराज्यातून गाड्या भरभरून येतो, तो स्वस्त पडला. इंदूरकडचं लाल गाजर तसंच. वांगी मात्र मी निवडून घेतली, काटेरी, लहान, देठ हिरवा असलेली. किरकोळ विकणाऱ्या एका मावशींकडे ती सापडली. घाऊकापेक्षा किलोमागे सात-आठ रुपये जास्त दिले. मावशी म्हणाल्या, ‘‘लग्नाची दिसत्यात. घ्या, किडकं निघालं तर परत आणा.’’ पंधरा किलोंत तीनच निघाली. परत कोण नेतंय.

त्या दुपारी घरात मटार सोलायला बायका बसल्या. माझ्या दोन बहिणी, मेहुणी, शेजारच्या आजी. दहा किलो शेंगांतून दाणे जेमतेम साडेचार किलो निघाले, बाकी सगळं टरफल. नवरी भिंतीला टेकून दोन्ही तळहात वर धरून बसली होती, मेंदी ओली होती म्हणून. काम काहीच नाही, तोंड मात्र चालू. तिची आत्या मधेच तिच्या तोंडात दाणे टाकायची. तिला मटार कच्चा आवडतो हे मला त्या दिवशीपर्यंत माहीत नव्हतं. कोथिंबिरीच्या जुड्या ओल्या पंचात गुंडाळून बाल्कनीत ठेवल्या आणि वर कुणी पाय देऊ नये म्हणून खुर्ची आडवी लावली.

शनिवारी सकाळी व्याह्यांचा फोन. ‘‘पाहुणे, एक सांगायचं होतं. गावाकडची माणसं आजच निघालीत. आमची पाच-पंचवीस वाढतील.’’ पाच की पंचवीस, हे विचारायची सोय नसते. मी ‘‘येऊ द्या, येऊ द्या’’ म्हटलं आणि फोन ठेवून पार्किंगमध्ये धावलो. आचारी कांदा चिरणाऱ्यांना ओरडत होते. ऐकून शांतपणे म्हणाले, ‘‘पंचवीसच धरा. भाजीत बटाटा वाढवू, वरण जरा सैल करू, तांदूळ चार किलो आणा. लापशीला हात लावायचा नाही, ती पंगतीत मी स्वतः वाढीन.’’ भाजीबाजार बंद होता, पण बटाटे शेजाऱ्यांच्या घरात होते. आदल्या दिवशी हौसेनं वाटलेलं दारोदार जाऊन मी परत गोळा केलं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तर सोलून दिले. भुसार चालू होतं, गाळ्यावरून तांदूळ आणायला दहा मिनिटं पुरली.

सीमांतपूजन वेळेत झालं. जावयाचे पाय धुताना हिचे हात थरथरत होते. भटजी भराभर मंत्र म्हणत होते. मग जेवण.

बुफे ठेवायचा नाही, यावर मी अडून बसलो होतो. तरुण मंडळींना ते जुनाट वाटलं. पण बुफेत माणूस डोळ्यांनी वाढून घेतो आणि पोटानं टाकून देतो. पंगतीत विचारून वाढतात, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. त्यात अन्न वाचतं आणि पाहुण्याला आग्रहही होतो, एकाच वेळी. वाढायला माझे भाचे, धाकटीच्या ऑफिसातली मुलं आणि गाळ्यावरचे दोन हमाल, तेही स्वतःहून आलेले. त्यातल्या एकानं वरणाची बादली अशी सहज फिरवली की बाकीची पोरं बघत राहिली. टेबल-खुर्च्या भाड्याच्या, पत्रावळी आणि द्रोण, दोन पंगती. पहिल्या पंगतीला व्याह्यांची माणसं, दुसरीला आम्ही.

आचाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे लापशी त्यांनीच वाढली. कमरेला पंचा, हातात झारा, मागे तुपाचं भांडं घेतलेला भाचा. ज्या काकांनी ‘‘नको, शुगर आहे’’ म्हणून पानावर हात आडवा धरला, त्यांच्या बोटांच्या फटीतून लापशीचा वास गेला असावा, कारण हात निघाला. व्याहीणबाईंनी दोनदा घेतली. शेवटी ती एकशे बेचाळीस पानांना पुरली आणि पातेल्याच्या तळाशी दोन डबे भरतील एवढी उरलीही. ती हिनं व्याह्यांबरोबर बांधून दिली.

रात्री हिशेब मांडला, सवयच आहे ती. सगळा खर्च २७,००० च्या थोडा आत. त्यात भाजीपाला, आडत धरून, २,००० ला पोचला नव्हता. धान्य, तेल, तूप, दही सगळं मिळून आठ-नऊ हजार. उरलेलं सगळं आचारी, त्यांचे दोन मदतनीस, पोळ्या लाटणाऱ्या बायका, भांडी, शेगड्या, गॅस, टेबल-खुर्च्या आणि दिवे यांचं. ज्या पाच रुपयांसाठी मी भावांची यादी करत बसलो होतो, त्या सगळ्या पाच रुपयांची बेरीज एका पोळीवाल्या बाईच्या त्या संध्याकाळच्या मजुरीएवढीसुद्धा होत नव्हती. त्या बाईंशी घासाघीस करावी असा सल्ला मला दोघा-तिघांनी दिला होता. मी केली नाही. त्या संध्याकाळी पोळपाटापाशी तीन तास कुणी बसून बघावं.

सोमवारी भांडीवाल्याकडे भांडी परत केली. त्यानं पातेली, परात, कढया, ओगराळी मोजली आणि म्हणाला, ‘‘झारा एक कमी.’’ अनामत रकमेतून अडीचशे रुपये कापले. मी सगळं पार्किंग धुंडाळलं, आचाऱ्यांना फोन केला, वॉचमनला विचारलं. पाचपरतवणाला लेक-जावई आले, तेव्हा व्याह्यांनी त्यांच्याबरोबर लापशीचे दोन घासलेले डबे पाठवले होते. एका डब्याला तो झारा सुतळीनं बांधलेला आणि निरोप असा, की मानपानाच्या यादीत हा नव्हता, म्हणून परत करतोय. मी तो घेऊन लगेच भांडीवाल्याकडे गेलो. त्यानं नवा आणला होता. अडीचशे काही मिळाले नाहीत.