पाकळीचा ल

गडचिरोलीतल्या एटापल्लीत ज्याने मला अक्षराकडे नीट बघायला लावलं, तो शिक्षक नव्हता. शिक्षक मी होतो. त्याचं बाजाराच्या रस्त्यावर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं. दाखल्यांचे अर्ज, बचत गटांचे ठराव, लग्नपत्रिका, सगळं तिथेच व्हायचं. २००६च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभांचे दावे भरले जाऊ लागले, तेव्हा तर आतल्या गावांची माणसं प्लास्टिकच्या पिशवीत कागद सांभाळत त्याच्या बाकावर तासन्‌तास बसलेली असत. सगळे त्याला भाऊ म्हणत, मीही.

माझं काम त्यामानाने किरकोळ होतं. माझ्या वर्गातली मुलं घरी माडिया बोलणारी. मराठी आणि मराठीची अक्षरं, दोन्ही त्यांना पहिलीत एकदमच भेटतात. म्हणून चित्र, त्याखाली माडिया शब्द, त्याखाली मराठी शब्द अशी कार्डं करायची होती. शब्द शाळेतल्या संगणकावर नोटपॅडमध्ये टाइप केले आणि पेनड्राइव्ह घेऊन भाऊकडे गेलो. त्याने एक पान छापलं, उजेडात धरलं आणि विचारलं, "गुरुजी, तुमच्या फळ्यावर असा ल हाय का?"

फळ्यावरचा माझा ल पाकळीचा, कागदावर आलेला दंडाचा. माझा श देठाचा, कागदावरचा गाठीचा. मोठ्या माणसाला हे खुपत नाही, कारण तो अख्खा शब्द ओळखून पुढे जातो. ज्या मुलाला 'लसूण' हा शब्दच नवा, त्याला अंदाज बांधायला काहीच नसतं. त्याच्या लेखी ती दोन निरनिराळी अक्षरं.

भाऊने मला कारण दाखवलं. त्यातलं काही मी पुढे वाचून पक्कं केलं. तेव्हा विंडोजबरोबर येणारा मंगल फॉन्ट र. कृ. जोशींनी घडवलेला, म्हणजे मराठीत कविता करणाऱ्या आणि सुलेखनात मुरलेल्या माणसाने. पण तो साऱ्या देवनागरीसाठी होता, म्हणून त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे. युनिकोडने ल ला एकच क्रमांक दिला आहे, ०९३२. वळण कोणतं, हे फॉन्टने ठरवायचं. काही फॉन्टांच्या पोटात दोन्ही वळणं असतात आणि मजकूर मराठी आहे असं सांगितलं की पाकळीचा ल बाहेर येतो. नोटपॅडमध्ये हे सांगायला जागाच नाही. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा 'मराठी' केली की असाच एखादा फॉन्ट आपला ल बदलतो. हे त्याने माझ्यासमोर करून दाखवलं, तेव्हा मला खरोखर जादू बघितल्यासारखं झालं.

त्याचं जुनं काम पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीतलं. तिथली अडचण वेगळीच होती. त्या काळच्या फॉन्टांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ठराव उघडला की गावाचं नाव, जंगलाच्या सीमा, नाले, टेकड्या, सगळ्याचे कंस आणि टक्क्यांची चिन्हं व्हायची. म्हणून ग्रामसभेच्या लोकांना तो बजावायचा, "आधी कागदावर सह्या करा, मंग फाइल न्या."

दुसऱ्या संगणकावरची फाइल आली की भाऊ प्रथम आपला प्रिंटर निवडायचा आणि मग पानं मोजायचा. जुन्या वर्डमध्ये ओळ कुठे तुटावी हे निवडलेल्या प्रिंटरवरही अवलंबून असायचं. एखादी ओळ वाढली की सह्यांची जागा एकटीच पुढच्या पानावर जायची, आणि मजकुराविना नुसत्या सह्यांचं पान कुठल्याही कार्यालयात संशयाने बघितलं जातं. दाव्याच्या कागदाला ते परवडणारं नव्हतं.

अक्षरांच्या जाडीचंही तसंच. पडद्यावर इंचाला साधारण शंभरेक ठिपके, त्याच्या लेझर प्रिंटरचे सहाशे. एका ठिपक्याहून बारीक रेघ पडद्याला नीट दाखवता येत नाही, म्हणून पडद्यावर भरदार वाटलेला फॉन्ट कागदावर रोडावतो. टोनर संपत आला असेल तर शिरोरेघही तुटते. भाऊ एकच ओळ चार-पाच फॉन्टांत छापायचा, कागद पडद्याला टेकवून ल वर ल येतो का बघायचा. त्या ओळीत 'दऱ्या' आणि 'खोऱ्या' हे शब्द हमखास असत, कारण त्यांतला अर्धा र पहिला बिघडतो. लाइट गेली की कागद हातात तसाच धरून इन्व्हर्टरला शिव्या.

त्या चाचणीच्या कागदांचे पैसे त्याने कधी घेतले नाहीत. विचारलं की म्हणायचा, "ते तं मी माझ्यासाठीच काढलो जी." पाठकोऱ्या बाजूवर दुकानाचे हिशेब लिहिलेले असत, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं. पण मुलं कार्डावर बोट ठेवून ल वाचायची तो ल त्याने निवडलेला होता, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींचं ऋण मराठी मुद्रणाच्या इतिहासात मानलं जातं. तालुक्याच्या टायपिंगवाल्याची नोंद फार तर पावतीपुस्तकात.

१० नोव्हेंबर २०२२ला मराठी वर्णमालेचा नवा शासन निर्णय निघाला. त्यात देठाचा श आणि पाकळीचा ल होता. माझी तोवर बदली झाली होती. बातमी वाचून मी पहिला फोन भाऊला लावला. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे आता शासनाच्या कागदावर तरी पाकळीचा निघन का?" मग म्हणाला, कार्डं लागत असतील तर लवकर सांगा, कागद महागला हाय.