आजोबांचे नाव

आमच्या घरात पळी-पंचपात्रीखेरीज आणखी एका वस्तूवर आजोबांचे नाव आहे, ती म्हणजे त्यांची अमेरिकन दुनळी बंदूक. मेरिडन गावच्या पार्कर बंधूंची. नळ्यांच्या मुळाशी पोलादावर एक कुत्रा पंजा उचलून उभा आहे. गवतात दबलेल्या पाखरांवर त्याची नजर. पार्करांकडे कोरीव काम जितके अधिक, तितकी किंमत अधिक.

आजोबांनी ती जुनीच घेतलेली. आजी म्हणाली, "भांड्याला नाव असतं, मग हिलाच का नको?" वाईतल्या भांड्यांवर नावे घालणाऱ्याने कुत्र्याशेजारी छिन्नी टेकवली, ती घसरली. कोरून झाल्यावर ते पोलाद हाडांच्या कोळशात तापवून त्याला पाणी देतात. मग ते कुणाला दाद देत नाही. दस्त्यावर मात्र मालकाच्या आद्याक्षरांसाठी बसवलेली चांदीची टिकली कोरीच होती. तिच्यावर त्याने ठिपक्याठिपक्यांनी नाव घातले. 'र' वाकडा आला. तो अजून वाकडाच आहे.

पुढे कायद्याने शिकार संपली. वडिलांमागे परवाना माझ्याकडे आला. नूतनीकरणासाठी साताऱ्याचे हेलपाटे आले. मास्तराला बंदूक हवी कशाला? यंदा विकायला काढली. व्यापारी कुत्र्यावर खूष झाला, पण टिकली पाहून म्हणाला, "हे घासून काढा, भाव चढेल."

बंदूक परत आणली. काल दिवाळीची भांडी काढली, तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, "अहो, त्या टिकलीवरूनही रांगोळी फिरवू का?"

"हलक्या हाताने," मी म्हणालो.